बसून खायची जागा

अमेरिकेत हायवेवरून उतरून कुठल्याही लहान गावात शिरा, मुख्य रस्त्यावर एक ठरावीक इमारत दिसतेच. बैठी, उतरत्या छपराची, छपराच्या मधोमध परत एक ठेंगणा उंचवटा, खिडक्यांच्या बाजू तिरक्या. पाटी काहीही असेल, दाताचा दवाखाना, दारूचं दुकान, मोबाईल रिपेअर, टॅक्स भरून देणारा, पण इथे वाढलेला माणूस चालत्या गाडीतून बघूनच सांगतो की हे पूर्वी पिझ्झा हट होतं. १९५८ मध्ये कॅन्ससमधल्या विचिटा गावात डॅन आणि फ्रँक कार्नी या दोन भावांनी ते सुरू केलं, १९६९ पासून त्याला ते लाल छप्पर आलं. आत लाल-पांढऱ्या चौकडीचे टेबलक्लॉथ, रंगीत काचेचे दिवे, लाल प्लास्टिकचे खडबडीत ग्लास. १९८४ पासून त्यांची एक योजना होती, शाळेतल्या मुलांनी महिन्याला ठरलेली पुस्तकं वाचली की एक छोटा पिझ्झा फुकट, म्हणजे मूल आईबापांना घेऊन रुबाबात आत जाणार आणि आपलं सर्टिफिकेट काउंटरवर ठेवणार. २०२० मध्ये त्यांच्या सगळ्यात मोठ्या फ्रँचायझी कंपनीचं दिवाळं निघालं आणि तिने तीनशेपर्यंत दुकानं बंद करायचं ठरवलं, त्यातली बहुतेक बसून खायची होती. पिझ्झा काही बंद झाला नाही, तो आता खोक्यातून घरी येतो.

हे असं एकट्या पिझ्झा हटचं नाही. रुबी ट्यूसडे २०२० च्या ऑक्टोबरमध्ये दिवाळखोरीसाठी कोर्टात गेलं, फ्रेंडलीज आधी २०११ ला आणि परत २०२० ला, रेड लॉबस्टर २०२४ च्या मे महिन्यात, टीजीआय फ्रायडेज त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. आम्ही ओहायोत कोलंबसजवळ राहतो, आणि कोलंबस म्हणजे खाण्याच्या धंद्याचं गाव, वेंडीज ही बर्गरची चेन इथे १९६९ साली सुरू झाली, आणि मोठमोठ्या कंपन्या नवीन पदार्थ आधी इथल्या लोकांना खायला घालून बघतात असं इथे सगळे सांगतात. इथलं स्वतःचं असं मॅक्स अँड अर्माज होतं, १९७२ पासूनचं, ज्यात खरीखुरी बाथटब ठेवून तिच्यात आइस्क्रीमचं सगळं सामान मांडलेलं असायचं आणि पोरं त्या टबाभोवती येडी व्हायची. त्याचं मूळ दुकान २०१७ ला गेलं.

आपल्या लोकांत हा विषय निघाला की नव्वद टक्के लोक नाक मुरडतात. बरं झालं गेलं ते, काय ती बेचव मायक्रोवेव्हची जेवणं, कोण जातं तिथे. आता आपण सगळे रामेन खातो, इथिओपियन खातो, हैदराबादी बिर्याणीच्याच चार वेगवेगळ्या जागा माहीत असतात आणि त्यावर वाद घालतो. मला पण हे सगळं आवडतं. पण त्या साध्या, मध्यम, फोटोवाल्या मेन्यूच्या रेस्टॉरंटांबद्दल मला मनापासून काहीतरी वाटतं, आणि ते जाताहेत याचं मला खरंच वाईट वाटतंय, तर ते का ते जरा नीट लिहावं म्हणून हा खटाटोप.

मी मूळची सांगलीची. माझ्या लहानपणी हॉटेलात जाणे ही वर्षाकाठी मोजकी घडणारी गोष्ट होती, आणि गेलो तरी आत शिरल्यावर गल्ल्यावरचा माणूस बाबांकडे बघून हाताने आतली बाजू दाखवायचा, फॅमिली रूम. लाकडी पार्टिशन, कळकट पडदा, आत चार खुर्च्या. बाहेरच्या हॉलमध्ये पुरुष बसायचे, एकेकटे, पेपर वाचत, चहा बशीत ओतून पीत. आई आयुष्यात कधी त्या हॉलमध्ये बसली नाही. तिला तसं कोणी सांगितलं नव्हतं, पण ते सगळ्यांना माहीतच होतं. मसाला डोसा खाऊन पडदा सारून खाली मान घालून बाहेर यायचं.

ही माझी आई पहिल्यांदा अमेरिकेत आली तेव्हा आम्ही तिला आणि बाबांना ऑलिव्ह गार्डन या इटालियन खाण्याच्या चेन रेस्टॉरंटला घेऊन गेलो. म्हणजे त्या काळी देशी शाकाहारी आईबापांना घेऊन दुसरीकडे कुठे जाणार होतो. दारात एक मुलगी हसून म्हणाली किती जण, आणि तिने हॉलच्या बरोब्बर मध्ये असलेलं गोल टेबल दिलं. चहूबाजूंनी लोक. शेजारी एक म्हातारं जोडपं, पलीकडे होंडाच्या कारखान्यातले लोक असावेत, एकसारखे पांढरे युनिफॉर्म घातलेले, त्याच्या पलीकडे कुणाचा तरी वाढदिवस. आई पदर सारखा करून अगदी ताठ बसली होती. तिच्याकडे कुणीही बघत नव्हतं. हे तिला कळायला थोडा वेळ लागला आणि मग ती हळूहळू खुर्चीत मागे टेकली.

तिथे ब्रेडस्टिकची टोपली येते, पहिल्या टोपलीत माणशी एक आणि वर एक जास्तीची, मग संपली की परत मागायची, पैसे पडत नाहीत. सूप आणि सॅलडचंही तसंच. मग वेट्रेस चीजची किसणी घेऊन आली आणि आईच्या सॅलडवर किसायला लागली. पद्धत अशी की तुम्ही थांब म्हणेपर्यंत ती किसत राहते. आता आमच्या घरी पंगतीत वाढणाऱ्याला पहिल्या फेरीला पुरे म्हणायची रीत नाही, आणि पलीकडे ती मुलगी, तिलाही कुणी सांगेपर्यंत थांबायचं नाही असं शिकवलेलं. आई संकोचाने बघत राहिली आणि ती हसत किसत राहिली, आणि सॅलड दिसेनासं झाल्यावर बाबांनी हात आडवा धरला, अगदी वरणभातावरच्या तुपाला धरतात तसा. त्या मुलीला तो हात बरोब्बर समजला. पुढे आई प्रत्येक फोनवर विचारायची, ती किसणीवाली मुलगी बरी आहे का गं.

ऑलिव्ह गार्डनच्या खाण्याला इटालियन म्हणायचं की नाही यावर हवं तेवढं बोला. २०१४ साली तर त्यांच्याच एका गुंतवणूकदार फंडाने जवळजवळ तीनशे पानांचं प्रेझेंटेशन करून जाहीर केलं होतं की हे लोक पास्त्याच्या पाण्यात मीठसुद्धा घालत नाहीत, भांड्यांची वॉरंटी टिकावी म्हणून, आणि ब्रेडस्टिक गरजेपेक्षा जास्त वाटतात म्हणून वाया जातात. मिठाचं त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. ब्रेडस्टिकचं मला नाही पटलं. सढळ हाताने वाढणं हाच त्या जागेचा अर्धा गुण होता, तो हिशोबाच्या तक्त्यात कुठल्या रकान्यात लिहिणार.

आमच्यासारखे जे लोक त्या सुमारास इथे आले, म्हणजे वायटूकेच्या, २००० सालच्या आगेमागे, त्यांना या चेन रेस्टॉरंटांनी काय दिलं हे आता नवीन येणाऱ्या मुलांना सांगून कळत नाही कारण ती विमानातून उतरतानाच फोनवर रेटिंग बघत उतरतात. तेव्हा असं होतं की बाहेर खायचं म्हणजे भीतीच वाटायची. काय मागायचं, कसं मागायचं, उच्चार बरोबर की चूक, बिल किती येईल, टिप किती ठेवायची, काट्याने खायचं की हाताने, आणि सगळ्यात मोठं म्हणजे यात नक्की काय घातलंय. चेनमध्ये मेन्यूवर फोटो आणि फोटोखाली किंमत असायची आणि एका गावात जे मिळालं तेच दुसऱ्या राज्यातल्या गावात मिळायचं. एकदा शिकलं की झालं. जुने लोक नव्यांना हे ज्ञान तोंडी द्यायचे. फ्रेंच अनियन सूप घेऊ नका त्यात बीफचा रस्सा असतो, ऑलिव्ह गार्डनला गेलात तर मिनेस्ट्रोनी सूप बिनधास्त घ्या, रिफ्राइड बीन्स सगळीकडे घेऊ नका काही ठिकाणी डुकराची चरबी असते पण टाको बेलचे चालतात, चिलीजमध्ये फहिता घ्या आणि चिकन नको म्हणा, तव्यावर चरचरत येतं. रुबी ट्यूसडेचा सॅलड बार म्हणजे तर हक्काची जागा. आणि कॅलिफोर्नियातले आमचे नातेवाईक सूपप्लांटेशनबद्दल असे बोलायचे की जसं काही माहेर, सॅलड, सूप, मफिन, पास्ता, सगळं हवं तेवढं, आणि शाकाहारी माणसाला एकही प्रश्न विचारावा लागत नाही. ते १९७८ साली सॅन डिएगोत सुरू झालं होतं, बाकी राज्यांत त्याला स्वीट टोमॅटोज म्हणायचे. कोविडमध्ये बुफेवर बंदी आल्यावर २०२० च्या मे मध्ये ९७ च्या ९७ दुकानं एकदम कायमची बंद झाली. त्या आठवड्यात आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी गेल्यासारखे मेसेज येत होते आणि मला ते अजिबात अति वाटलं नाही.

रेड लॉबस्टरचं मात्र थोडं सविस्तर सांगते, कारण त्यात माझा जीव अडकलाय आणि त्याबद्दल लोक फार चुकीचं बोलतात.

माझा नवरा मालवणकडचा. ओहायोत समुद्र म्हणजे दिवसभर गाडी हाकल्यावर. मासे म्हणजे फ्रीजरमधला तिलापिया, तो काय मासा आहे का. अशा मुलखात एका इमारतीत दारातच काचेच्या टाकीत जिवंत लॉबस्टर हातापायांना रबर बांधून बसलेले, आणि आत शेवंडं, खेकडे, कोळंबी, शिंपल्या. १९६८ साली फ्लोरिडातल्या लेकलँडमध्ये बिल डार्डनने ते काढलं, आणि समुद्र न बघितलेल्या लाखो अमेरिकन लोकांना मासे खायची सवय बऱ्याच अंशी याच माणसाने लावली. चव मालवणी माणसाला फिक्कीच, नवरा वरून लिंबू पिळायचा, टबॅस्को ओतायचा, तरी खेकड्याची नांगी फोडायचा चिमटा हातात आला की त्याचा चेहरा बदलायचा. आमच्याकडे प्रमोशन, ग्रीन कार्ड, मुलीचा रिझल्ट, सगळं तिथेच साजरं झालं. आमच्या आजूबाजूच्या गोऱ्या-काळ्या कामगार कुटुंबांचंही तसंच होतं, रेड लॉबस्टरला जाणं म्हणजे काहीतरी चांगलं घडलंय. चर्च सुटल्यावर रविवारी कृष्णवर्णीय आज्या टोप्या घालून यायच्या, काय त्या टोप्या, जांभळ्या, पिवळ्या, पिसं लावलेल्या, मी घास हातात धरून बघत बसायचे.

आता २०२४ मध्ये दिवाळं वाजलं तेव्हा सगळीकडे एकच बातमी फिरली, लोकांनी वीस डॉलरमध्ये पोटभर कोळंबी खाऊन कंपनी बुडवली. हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. खरं काय तर ती अमर्याद कोळंबीची ऑफर पूर्वी ठरावीक दिवस असायची, ती २०२३ च्या जूनमध्ये कायमची केली आणि एका तिमाहीत एक कोटी दहा लाख डॉलरचा तोटा आला. हे झालंच. पण त्याच्या कितीतरी आधी, २०१४ ला, डार्डन कंपनीने रेड लॉबस्टर गोल्डन गेट कॅपिटल नावाच्या प्रायव्हेट इक्विटी फर्मला, म्हणजे नफ्यासाठी कंपन्याच विकत घेणाऱ्या फंडाला, २१० कोटी डॉलरला विकलं. त्या फर्मने काय केलं, तर पाचशेच्या आसपास रेस्टॉरंटांच्या खालची जमीन लगेच दुसऱ्या एका कंपनीला दीडशे कोटींना विकून टाकली. म्हणजे बहुतेक पैसे वसूल. आणि रेड लॉबस्टर, जे इतकी वर्षं स्वतःच्या जागेत होतं, ते त्याच जागेत भाडेकरू झालं. भाडं परत दरवर्षी वाढत जाणारं. २०२३ मध्ये भाड्याचा बोजा १९ कोटी डॉलरचा होता आणि त्यातले सहा कोटींच्या वर अशा दुकानांचे होते जी धड चालतच नव्हती. गिऱ्हाईक २०१९ च्या मानाने तीसेक टक्के कमी झालेलं. मधल्या काळात मालक बदलला होता, थायलंडची थाय युनियन आली, जी स्वतः कोळंबी विकणारी कंपनी, आणि दिवाळखोरीच्या कागदपत्रांत असंही मांडलंय की कोळंबीचे दुसरे पुरवठादार काढून टाकून माल तिच्याचकडून घेणं सुरू झालं होतं.

एखाद्या घरातल्या म्हाताऱ्याचं शेत विकून पैसे कुणी घेऊन जावेत आणि वर म्हणावं म्हातारा फार खात होता म्हणून घर बुडालं, असा तो प्रकार आहे. मला याचा राग येतो. वीस डॉलर देऊन पोटभर कोळंबी खाणारी जी माणसं होती ती मी पाहिलेली आहेत, महिन्याच्या सुरुवातीला पगार झाल्यावर पोराबाळांना घेऊन आलेली, नवऱ्याने बूट पॉलिश केलेले, बायकोने लिपस्टिक लावलेली. त्यांच्यावर खापर फोडून बाकीचे मोकळे झाले.

अर्थात सगळं काही फंडवाल्यांनीच केलं असंही नाही. ही रेस्टॉरंटं मुळात ज्या जीवनाला धरून उभी राहिली ते जीवनच बदललं. १९६५ मध्ये अॅलन स्टिलमनने न्यूयॉर्कमध्ये पहिलं फ्रायडेज काढलं ते तरुण मुला-मुलींना भेटायला जागा हवी म्हणून, पुढे ती मुलं-मुली लग्नं करून उपनगरांत गेली, दोघंही नोकरी करायला लागली, संध्याकाळी कोण रांधणार, मग रुबी ट्यूसडे, चिलीज, अॅपलबीज ही सगळी १९७२ ते १९८० या आठ वर्षांत निघाली. मॉल आले, मॉलच्या पार्किंगच्या कडेने ही बसली. आता मॉलच मेले. आमच्या कोलंबसमध्ये नॉर्थलँड मॉल २००२ ला गेला, डाउनटाउनमधला सिटी सेंटर २००९ ला, ईस्टलँड २०२२ ला. मॉल बंद झाला की कडेचं रेस्टॉरंट वर्षा-दोन वर्षांत जातंच, त्या रस्त्याला माणूसच वळत नाही.

शिवाय चिपोटलेसारखी ठिकाणं आली, काउंटरवर उभं राहून सांगायचं, समोर वाडग्यात भरून मिळतं, टिपची भानगड कमी, दहा-पंधरा मिनिटांत बाहेर. आणि मग घरी आणून देणारी अॅप्स. अॅपवाले रेस्टॉरंटकडून पंधरापासून तीस टक्क्यांपर्यंत कापून घेतात, रेस्टॉरंट मग अॅपवर किंमत वाढवतं, आपण वर डिलिव्हरीचे पैसे आणि टिप देतो, आणि येतं काय तर वाफेने मऊ पडलेले फ्राइज. तरी आपण मागवतो. मीसुद्धा मागवते, ऑफिसातून साडेसहाला आल्यावर परत गाडी काढायचा कंटाळा येतो हे खरंच आहे. कोविडच्या वेळी तर चक ई चीज या लहान मुलांच्या खेळ-पिझ्झाच्या चेनने पास्क्वालीज नावाने अॅपवर दुसरंच दुकान मांडलं होतं, स्वयंपाकघर तेच. अशा दुकानाला दार नाही, टेबल नाही, कुणी येऊन बसावं अशी जागाच नाही.

माझं दुखणं इथे आहे. खाणं कुठेही मिळतं, चांगलं मिळतं, पूर्वीपेक्षा शंभर पटीने चांगलं मिळतं. कमी झालं ते अनोळखी माणसांच्या शेजारी तास-दीड तास बसणं.

यावर चक्क अभ्यास झालाय. मॅक्सिम मॅसेनकॉफ आणि नेथन विल्मर्स या दोघांनी २०२३ मध्ये एक पेपर लिहिला, लोकांच्या मोबाईलच्या लोकेशनवरून अमेरिकेत श्रीमंत आणि गरीब माणसं एकमेकांच्या वाऱ्याला नक्की कुठे येतात हे बघितलं. मला वाटलं होतं लायब्ररी, चर्च, बाग, शाळा. तर तसं नाही. शाळा, बाग, लायब्ररी या आपापल्या वस्तीतल्या, आणि इथे वस्त्याच पैशाप्रमाणे वाटलेल्या, त्यामुळे तिथे आपल्यासारखेच लोक भेटतात. सगळ्यात जास्त सरमिसळ कुठे निघाली तर ऑलिव्ह गार्डन, अॅपलबीज, चिलीज असल्या बसून खायच्या चेनमध्ये. ते वाचून मला एकदम आईच्या त्या गोल टेबलाभोवतीची माणसं आठवली. बरोबरच होतं की. आमच्या देवळात मला कोण भेटतं, आयटीवाले आणि डॉक्टर. मुलीच्या शाळेच्या मीटिंगला कोण भेटतं, आमच्याच सबडिव्हिजनमधले लोक. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तर बोलायलाच नको. कारखान्यात पाळीवर जाणारा माणूस, ट्रक चालवणारी बाई, नर्सिंग होममध्ये म्हाताऱ्यांना अंघोळ घालणारी मुलगी, यांच्या बाजूला बसून मी जेवले ते फक्त असल्या रेस्टॉरंटात. बोललो असं नाही दर वेळी. पण त्यांचं मूल आमच्या टेबलावर खेळणं टाकायचं, आपण उचलून द्यायचं, कुणाचा वाढदिवस असला की वेटर लोक टाळ्या वाजवत गाणं म्हणायचे आणि आख्खं रेस्टॉरंट टाळ्या धरायचं, आमची आईसुद्धा. निवडणुकांच्या वर्षांत, जेव्हा इथे शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झाला होता, तेव्हाही ते गाणं चालूच होतं.

आणि तिथे काम करणारी माणसं. टिपवर जगणाऱ्यांचं केंद्र सरकारने ठरवलेलं किमान वेतन १९९१ पासून तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, त्यात एक सेंट वाढलेला नाही. ओहायोत राज्याचा दर त्याहून जास्त आहे पण पोट टिपवरच भरायचं. आमच्याजवळच्या एका रेस्टॉरंटात, नाव नाही लिहीत, एक वेट्रेस होती पन्नाशीची, आम्ही दारात दिसलो की ती न विचारता लिंबाच्या जास्तीच्या फोडी आणि कांदा आणून ठेवायची, मुलीला दात आले, दात पडले, ब्रेसेस लागल्या, सगळं तिने बघितलं. ते दुकान बंद झालं तेव्हा कामगारांना आदल्या दिवसापर्यंत काही सांगितलेलं नव्हतं म्हणे. सकाळी आली तर दाराला कुलूप आणि कागद चिकटवलेला. आम्हाला हे शेजारच्या सलूनमधल्या बाईने सांगितलं. ती वेट्रेस आता कुठे आहे मला माहीत नाही, आडनावही कधी विचारलं नव्हतं.

पुण्याला बहिणीकडे गेले की तिथेही हेच बघते. आठ वाजले की जिन्यात डिलिव्हरीवाल्या मुलांची रांग, प्रत्येक फ्लॅटच्या दाराबाहेर वेगळ्या पिशव्या, भाच्याला मोमो, भाचीला सॅलड, मेहुण्यांना थालीपीठ, तेही बाहेरून. एकाच घरात जेवणं तीन वेळेला. पण तिथे निदान खाली उतरलं की अमृततुल्य आहे, वडापावची गाडी आहे, एखादं जुनं उडप्याचं हॉटेल तग धरून आहे जिथे गर्दीच्या वेळी अनोळखी माणूस समोरच्या खुर्चीवर येऊन बसतो. अमेरिकन उपनगरात खाली उतरल्यावर काय असतं, तर लॉन आणि पार्क केलेली गाडी. म्हणून इथलं नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

इतकं सगळं असून चिलीजने मात्र सगळ्यांना तोंडात बोट घालायला लावलं. तीन-चार वर्षांपूर्वी तेही त्याच रांगेत उभं आहे असं वाटत होतं. नवीन प्रमुख आले, मेन्यू कापला, पदार्थ कमी केले, टेबलं साफ करायला माणसं वाढवली म्हणजे वेटरला तुमच्याकडे बघायला वेळ मिळेल. मॅकडॉनल्डमध्ये दहा-बारा डॉलर व्हायला लागले होते त्याच वेळी यांनी १० डॉलर ९९ सेंटमध्ये बर्गर, फ्राइज, चिप्स-साल्सा आणि पेय असं बसून खायला दिलं. २०२४ च्या शेवटच्या तिमाहीत त्यांच्या जुन्या दुकानांची विक्री आदल्या वर्षीपेक्षा ३१ टक्क्यांनी वाढली, म्हणजे या धंद्यात असं कुणी ऐकलेलं नाही. टिकटॉकवर तरुण पोरं मोझरेला स्टिक ओढून चीजची तार किती लांब जाते याचे व्हिडिओ टाकत होती, त्याचाही हात आहे म्हणतात. तो असेलच, पण व्हिडिओ बघून माणूस एकदा येतो. परत परत का येतो याचं उत्तर मला त्या टेबल साफ करणाऱ्या माणसांत दिसतं.

माझी मुलगी आता कॉलेजात आहे, ती आणि तिच्या मैत्रिणी शुक्रवारी तिथेच जातात. मी तिला म्हटलं अगं तुमच्या कॅम्पसच्या बाहेर एवढी छान कोरियन, व्हिएतनामी ठिकाणं आहेत, तिथे का जात नाही. म्हणाली, जातो की, पण तिथे खाऊन झालं की बाहेर लाइन उभी असते, ते लोक बघत राहतात. चिलीजमध्ये कुणी उठवत नाही. शिवाय सगळ्यांना परवडतं. तिच्या घोळक्यात एक मुलगी डॉलर जनरल या स्वस्तातल्या दुकानात संध्याकाळची ड्युटी करून फी भरते, एकीचे वडील हार्ट सर्जन आहेत, एक वेस्ट व्हर्जिनियाच्या खाणीच्या गावातली आहे जी कॉलेजला येण्याआधी एकाही भारतीय माणसाशी बोललेली नव्हती. तीन प्रकारांची एक प्लेट मधोमध ठेवतात, कोपऱ्यातल्या टॅबलेटवर आपापले पैसे आपापल्या कार्डाने भरतात, आणि सर्जनच्या मुलीने सगळ्यांची टिप द्यायची असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. परवा फोनवर मागे नुसता गोंगाट ऐकू येत होता म्हणून विचारलं, कुठे बसलायत एवढ्या जणी. खिडकीजवळच्या बूथमध्ये, म्हणाली, चौघींच्या जागेत सहा, आणि आत्ता चिप्स परत भरून आणल्यात, ठेवते.